एमएस झाली, आता आणखी किती शिकणार?

पत्र

डॉक्टर मॅडम, स. न. वि. वि.

मी कुडाळ तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. मुलगी एमबीबीएस करून जनरल सर्जरीत एमएस झाली, बॉण्डही पुरा झाला. वय २९. आम्हाला वाटलं, आता घरी येईल. हायवेला लागून सहा गुंठे जागा घेऊन ठेवली आहे, हॉस्पिटलचा प्लॅनही काढून घेतला. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयाचे खडे एवढं केलं तरी चालेल, असं इथले डॉक्टर सांगतात. तर ती म्हणते, मला लहान मुलांची सर्जन व्हायचंय आणि पुढे मुलांच्या लिव्हरचं, ट्रान्सप्लांटचं काम करायचंय. मुंबईत असताना तिने असं एक मूल पाहिलं, तेव्हापासून डोक्यात तेच. आणखी किती वर्षं शिकायचं? आमच्याकडे अशी मुलं असतात तरी किती? ऑपरेशन बारा-बारा तास चालतं म्हणे, बाईमाणसाला झेपेल का? तिच्या आईला लग्नाची काळजी, ती वेगळीच. घरात अबोला धरायची वेळ आली आहे. आता काय करूचा, तुम्हीच सांगा.

– एक वडील

उत्तर

गुरुजी, नमस्कार.

आधी वर्षांचा हिशेब, कारण तो तुमच्या घरात कुणी सरळ मांडलेला दिसत नाही. नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, मग पीडियाट्रिक म्हणजे लहान मुलांच्या सर्जरीचं एमसीएच, तीन वर्षं. सरकारी कॉलेजातून केलं तर पुन्हा बॉण्ड. त्यानंतर ट्रान्सप्लांटची फेलोशिप, एक ते दोन वर्षं. एवढं झालं म्हणून कुणी तिच्या हातात लगेच मुलाचं लिव्हर देत नाही. एखाद्या मोठ्या टीममध्ये ज्युनिअर म्हणून आणखी काही वर्षं जातात. म्हणजे ‘हे ऑपरेशन मी केलं’ असं म्हणेपर्यंत तिची चाळिशी जवळ आलेली असेल. मधल्या काळात ती उपाशी राहणार नाही. रेसिडेंटला स्टायपेंड असतो, फेलोला पगार असतो. पण तिच्याच बॅचचा जो मुलगा कणकवलीत दुर्बिणीचं मशीन घेऊन बसेल, तो तोवर हॉस्पिटलवर दुसरा मजला चढवून मोकळा झालेला असेल. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

सीट मिळेल का, ही काळजी मात्र सोडा. लहान मुलांच्या सर्जरीच्या एमसीएचच्या जागा अलीकडे देशभर रिकाम्या राहताहेत. मुलं गॅस्ट्रोकडे जातात, युरोकडे जातात, प्लास्टिककडे जातात. कारण उघड आहे. पेशंट लहान, बिल लहान आणि जबाबदारी दोन घराण्यांची: आईवडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, आत्या, सगळे थिएटरच्या दाराशी उभे. तुमची मुलगी ज्या दारातून आत जायचं म्हणते, तिथून बाकीचे का वळतात हे तिला ठाऊक असायला हवं. ठाऊक असूनही जात असेल, तर तिला अडवून उपयोग नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ‘अशी मुलं असतात तरी किती?’ पत्रातला हा सगळ्यात चांगला प्रश्न. बिलियरी अट्रेसिया, म्हणजे पित्ताच्या नळ्या बुजणं, हा मुलांच्या लिव्हरचा मुख्य आजार. जगभर मुलांच्या लिव्हर ट्रान्सप्लांटचं पहिल्या क्रमांकाचं कारण तोच. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींप्रमाणे साधारण दहा ते पंधरा हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. जपान-तैवानकडे प्रमाण जास्त. २०११ च्या जनगणनेत आपल्या सिंधुदुर्गाची वस्ती साडेआठ लाखांच्या घरात होती. त्रैराशिक तुम्हीच मांडा. जिल्ह्यात वर्षाला असं एखादं बाळ, एखाद्या वर्षी तेही नाही. विल्सनचा आजार (यात अंगात तांबं साचतं), पित्तनलिकेची जन्मजात गाठ, लिव्हरचा कॅन्सर हे सगळं धरलं तरी आकडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच. त्यावर कुडाळात हॉस्पिटल चालत नाही. ट्रान्सप्लांट तर नाहीच नाही. त्याला शेजारी-शेजारी दोन थिएटर लागतात, एकात आई किंवा बाप, दुसऱ्यात मूल. सर्जनांच्या दोन टीम, तान्ह्या मुलांना भूल देणारे, मुलांचा आयसीयू, रक्तपेढी, रात्री दोन वाजता डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करणारा रेडिओलॉजिस्ट, बायोप्सी वाचणारा पॅथॉलॉजिस्ट. हे सगळं मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नईत जमतं, कारण तिथे दहा जिल्ह्यांची मुलं एका दारी येतात.

म्हणजे तुमचा हिशेब सोळा आणे बरोबर. ती हे काम करणार असेल तर कुडाळच्या जागेवर करणार नाही, हे आजच मान्य करून टाका. पण ‘आमच्याकडे अशी मुलं नसतात, मग हे शिकून काय करायचं’ हे जे तुम्ही पुढे जोडता, ते मला पटत नाही. कारण ते जे वर्षाचं एखादं बाळ असतं, त्याचं आपल्याकडे काय होतं ते मी नोकरीभर पाहत आले.

बाळ गुटगुटीत जन्मतं. तिसऱ्या दिवशी पिवळं दिसायला लागतं. त्यात विशेष काही नाही. दिवस भरून जन्मलेल्या शंभरातल्या साठेक बाळांना ते होतं आणि बहुतेकांचं दोन आठवड्यांत उतरतं. डॉक्टर सांगतात, होईल कमी. आजी सांगते, कोवळ्या उन्हात धरा. जुलै असेल तर ऊन कुठून आणणार, म्हणून आणखी पंधरा दिवस वाट बघायची. बाळ दूध पितं, वजन घेतं, ओळखीचं हसतं. आजारी दिसतच नाही, आणि घात तिथेच होतो. मग कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याचं नाव सुचवतं. चुन्याच्या पाण्यात हात चोळून पाणी पिवळं झालेलं सगळ्यांना दिसतं, आईला वाटतं उतरली. दृष्ट काढून होते, नवस बोलून होतो. लंगोट धुणाऱ्या बाईने मात्र एक गोष्ट कधीच पाहिलेली असते. शी पिवळी नाही, शाडूच्या रंगाची आहे, आणि लघवीचा लंगोटावर पिवळा डाग पडतोय. ती हे कुणाला सांगत नाही, कारण तिला कुणी विचारत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पोट फुगतं, आणि मग गोव्याचं बांबोळीचं हॉस्पिटल नाही तर मुंबई.

आत काय चाललेलं असतं? लिव्हरमधलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्या सुजून बुजत जातात. पित्त आत कोंडतं आणि लिव्हर निबर होत जातं. काहीच केलं नाही तर यातली बहुतेक मुलं दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. जपानात सेंदाईच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर ऑपरेशन शोधलं. १९५९ मध्ये ते जपानी भाषेत छापून आलं. त्याआधी या मुलांसाठी करण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं.

हे ऑपरेशन कसं असतं ते थोडं सांगते, म्हणजे तुमची मुलगी कशाला भुलली ते कळेल. टेबलावर दीड महिन्याचं, चार किलोचं बाळ. लिव्हर हिरवट-करडं, बोटाला टणक लागणारं. पित्ताशय नावापुरतं. त्यात रंगीत औषध सोडून फोटो काढला की पुढे वाट नाही हे नक्की होतं. मग ती बुजलेली नळी वर लिव्हरच्या तोंडापर्यंत सोडवत न्यायची आणि तिथला चट्टा कापायचा. कापायचा किती, हीच खरी मेख. खोल गेलं तर रक्त थांबत नाही आणि नंतर पुन्हा चट्टाच भरतो. वरवर राहिलं तर आतल्या बारीक वाटा उघडतच नाहीत. ते हाताला कळावं लागतं, आणि हात तयार व्हायला वर्षं जातात. शेवटी लहान आतड्याचं एक टोक वर आणून त्या जागेवर शिवायचं. ऑपरेशन संपतं, पण जमलं की नाही हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. काही दिवसांनी सकाळच्या राउंडला सिस्टर दुपटं हातात घेऊनच येते, ‘मॅडम, हिरवी केली बघा!’ रेसिडेंट, मावशी, पलीकडच्या कॉटवरची आई, सगळे त्या दुपट्याभोवती. शीचा रंग बघून डोळे पुसणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्या वॉर्डात पाहिली नाहीत.

पण हे सगळं वेळेत पोचलं तर. ६० दिवसांच्या आत कासाई झाली तर सगळ्यात चांगलं, आणि जितकी लवकर तितकी बरी. तरीही निम्म्याच्या आसपास मुलांची कावीळ पूर्ण जाते, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांना पुढे, कुणाला पहिलीत, कुणाला कॉलेजात, ट्रान्सप्लांट लागतंच. मग आधीच ट्रान्सप्लांट का नाही करत, असं मला आईवडील विचारतात. सहा किलोच्या, फुगल्या पोटाच्या बाळाचं ट्रान्सप्लांट आणि शाळेत जाणाऱ्या, वजन घेतलेल्या मुलाचं ट्रान्सप्लांट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मधली वर्षं घरी, आपल्या अंगणात मिळतात, हे त्याचं उत्तर. मी स्वतः ट्रान्सप्लांट करणाऱ्यांतली नव्हे. मी कासाई केल्या, पुढे ज्यांना लागलं त्यांना मुंबईला धाडलं, आणि परत आलेली मुलं सांभाळली. त्यामुळे हा विषय मला दोन्ही टोकांनी माहीत आहे.

आपल्याकडे आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. दीड महिन्याच्या डोसाला आई बाळाला घेऊन उपकेंद्रावर येतेच. म्हणजे त्या ६० दिवसांच्या आत सरकारचं माणूस बाळाला सहा-सात वेळा बघतं. तेवढ्या भेटींत एक प्रश्न विचारला, ‘शी कुठल्या रंगाची होते? लंगोट दाखवा बघू,’ तर आपलं ते वर्षाचं एखादं बाळ सापडतं. तैवानने हेच केलं. शीच्या रंगांचे फोटो छापलेलं कार्ड प्रत्येक बाळाच्या आरोग्य-पुस्तिकेत घातलं, २००४ पासून देशभर, आणि वेळेत ऑपरेशन होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. कार्डाला किती खर्च येतो, गुरुजी? तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेइतका.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही इथेच सांगून टाकते. जन्माला १४ दिवस होऊन गेले आणि बाळ अजून पिवळं आहे, तर रक्तात एकूण आणि डायरेक्ट, दोन्ही बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) बघायचं. नुसतं एकूण बघून ‘उतरतंय’ म्हणणाऱ्यांचं मला कोडं पडतं. डायरेक्ट १ च्या वर असेल तर ऊन नाही, उतारा नाही, पाला नाही. त्याच आठवड्यात लहान मुलांच्या सर्जनकडे. ही तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये होते. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन द्यायचं राहिलेलं नाही ना, तेही डॉक्टरांना विचारा. या बाळांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि कधी कधी आजाराची पहिली खूण तीच असते.

थोडं विषयांतर. तुमच्या पिढीने गावात ‘मोठ्या लिव्हरची’ मुलं पाहिली असतील. पोट फुगलेलं, चिडचिडं, वर्षा-दीड वर्षाचं मूल, आणि सहसा ते गेलंच. डॉक्टर त्याला इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस म्हणायचे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत १९८० च्या दशकात त्याचा माग काढला. बाळाला वरचं दूध पितळेच्या नाही तर तांब्याच्या भांड्यात तापवून, त्यातच ठेवून पाजलं जात होतं. तांबं दुधात उतरायचं आणि तान्ह्या लिव्हरमध्ये साचायचं. घरोघर स्टील आलं, लोकांना सांगितलं गेलं, आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला. आजच्या रेसिडेंटने तो पुस्तकात वाचलेला असतो, वॉर्डात पाहिलेला नसतो. (आता पुन्हा तांब्याच्या भांड्यांची टूम निघाली आहे. पाणी खुशाल प्या. तान्ह्याचं दूध त्यात ठेवू नका.) महाराष्ट्रात मुलांच्या लिव्हरसाठी जे सगळ्यात मोठं काम झालं, त्यात सुरी नव्हती, हे मी प्रत्येक सर्जनला ऐकवते. तुमच्या मुलीलाही ऐकवा. ट्रान्सप्लांटचं वलय डोळ्यांत गेलेल्या पोरांना ते रुचत नाही, पण ऐकवा.

बरं, बारा तास. मी स्वतः बाईमाणूस आहे. पाय माझे दुखले, तसे शेजारच्या पुरुषांचेही दुखले. कुणी चहा प्यायला बाहेर गेलं तर दुसऱ्याने हात घातला. एकट्याने उभं राहायचं असतं असं तुम्हाला कुणी सांगितलं? या कामातली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे लिव्हरची धमनी. बाळात ती दोन-तीन मिलिमीटर रुंद, डोळ्यावर भिंग चढवून केसाहून बारीक दोऱ्याने शिवायची, आणि पुढचे काही दिवस ती गुठळीने बंद पडली नाही ना, हे डॉप्लरने बघत राहायचं. बंद पडली तर पुन्हा थिएटर. त्यात बाई-पुरुष असं काही नसतं. हात स्थिर आणि डोकं थंड, बस्स.

आणि कुठून कुठे आलंय हे, तेही बघा. १ मार्च १९६३ ला अमेरिकेत डेन्व्हरमध्ये डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसातलं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं ते तीन वर्षांच्या मुलावर, आजार बिलियरी अट्रेसियाच. मूल टेबलावरच रक्तस्रावाने गेलं. १९६७ मध्ये त्यांची एक दीड वर्षाची पेशंट वर्षभराहून जास्त जगली, तेव्हा कुठे लोकांना वाटलं की हे होण्यासारखं आहे. मग सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, पुढे टॅक्रोलिमस आलं, आणि शरीर परकं लिव्हर झिडकारतं या दुखण्यावर इलाज सापडला. मुलांच्या मापाचं लिव्हर मिळायचं कुठून, हा पेच १९८९ मध्ये सुटला. ब्रिस्बेनला डॉ. रसेल स्ट्राँग यांनी आईच्या लिव्हरचा तुकडा मुलाला बसवला आणि मूल जगलं. आपल्याकडे अवयवदानाचा कायदा १९९४ चा. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अपोलो हॉस्पिटलमध्ये कांचीपुरमच्या, दोन वर्षंही पुरी न झालेल्या मुलाला वडिलांच्या लिव्हरचा तुकडा बसवला. देशातलं मुलांमधलं हे पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट, आणि आजार पुन्हा तोच. तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला. आज चांगल्या केंद्रात शंभरातली नव्वदहून जास्त मुलं पहिलं वर्ष पार करतात.

बारा तास झेपतील. नंतरची वर्षं झेपतील का, हा खरा प्रश्न, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही.

ट्रान्सप्लांट झालेलं मूल बरं होऊन गावी येतं, पण त्या टीमला सुटत नाही. टॅक्रोलिमस दर बारा तासांनी, सहसा आयुष्यभर. सकाळी आठ, रात्री आठ, मोबाइलला गजर. डोस कमी पडला तर लिव्हर झिडकारलं जातं, जास्त झाला तर किडनीला त्रास आणि जंतुसंसर्गाला दार उघडं. म्हणून रक्तातलं प्रमाण पुन्हा पुन्हा तपासायचं. मुंबईत हे सोपं आहे. आपल्याकडे जुलैत दरड कोसळून रेल्वे बंद, घाट बंद, आणि घरी चार दिवसांच्या गोळ्या. मी माझ्या मुलांच्या आयांना बजावून ठेवलं होतं, जूनच्या आधी महिन्याची औषधं जास्तीची घरात हवीत. गणपतीत पपनस येतं, ते या मुलांना द्यायचं नाही, औषधाचं प्रमाण वाढतं. लावणीच्या चिखलात उतरवायचं नाही, लेप्टो आपल्या पाचवीला पुजलेला. गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी शक्यतो ट्रान्सप्लांटच्या आधीच उरकायच्या. ताप आला तर शेजारच्या डॉक्टरने मनाने अँटिबायोटिक सुरू करायचं नाही, त्यातली काही या औषधाशी भांडतात. आधी टीमला फोन. तो फोन रात्री दीड वाजताही येतो, आणि पलीकडून बोलणारी बाई कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून तपासणीला येणारी, तीच असते. तुमच्या मुलीने तो फोन उचलायचा, ऐकायचा, आणि तिच्याशी तिच्या भाषेत बोलायचं. मोठ्या हॉस्पिटलांत मालवणी कळणारी डॉक्टर मिळाली की आमच्या बायका किती मोकळ्या होतात, हे तुम्हाला सांगायला नको.

यात अशीही घरं येतात जिथे काहीच जुळत नाही. आईचा रक्तगट जुळत नाही, बापाच्या लिव्हरला चरबी चढलेली. कायद्याने जवळच्या नात्यात आजी-आजोबाही येतात, २०११ च्या दुरुस्तीपासून, पण त्यांचं वय झालेलं. देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत भरून येतं, त्याचा धोका लहान असतो, पण शून्य नसतो. एकाच घरातली दोन माणसं एकाच दिवशी टेबलावर घ्यायची, हा निर्णय कुणाला सोपा वाटत असेल तर त्याने या वाटेला जाऊ नये. आणि पैसा. खासगी हॉस्पिटलात खर्च सहज पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, धर्मादाय हॉस्पिटलांतल्या राखीव खाटा, ट्रस्ट, गावची वर्गणी अशी गोळाबेरीज करत बसावं लागतं, आणि तेवढ्यात मुलाची तब्येत खालावते. चांगले सर्जन या टप्प्यावर सोडून गेलेले मी पाहिलेत. त्यांचे हात उत्तम होते. मेलेल्या मुलाच्या आईसमोर पुन्हा पुन्हा बसणं त्यांना झालं नाही. त्यात कमीपणा नाही, पण ते तीन-चार वर्षं घालवून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

म्हणून माझा सल्ला. एमसीएचला जाऊ द्या, आणि आनंदाने जाऊ द्या. इथे तुम्ही दोघं एकाच गोष्टीवर भांडताय असं तुम्हाला वाटतं, पण त्या दोन आहेत. लहान मुलांची सर्जन ही कोकणाला हवीच आहे. गुदद्वार नसलेलं नवजात बाळ, न उतरलेला अंडकोष, आतड्यात आतडं शिरलेलं मूल, हे प्रत्येक तालुक्यात आहेत आणि आज त्यांना गोव्याची नाही तर कोल्हापूरची वाट धरावी लागते. एमसीएच झालेली मुलगी लिव्हरकडे वळली नाही तरी तिचं शिक्षण वाया जात नाही, हे तुमच्या मनाला समजवा. आणि लिव्हरचा निर्णय तिने आज घेऊच नये, हे तिला मी सांगते. एका मुलावरून घेतलेला निर्णय आहे तो. तिसऱ्या वर्षापर्यंत तिच्या हाताखालून कासाई जातील, काही जमतील, काही फसतील. ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांच्या ओपीडीत तिने रजेच्या दिवशी जाऊन बसावं, थिएटरमध्ये नव्हे. थिएटर सगळ्यांनाच आवडतं.

हायवेच्या जागेवर मजले चढवू नका, विकूही नका. बाहेरचे स्पेशालिस्ट महिन्यातून एखादा रविवार आपल्याकडे येऊन ओपीडी करतात, ते तुम्ही बघताच. उद्या मुंबईत ट्रान्सप्लांट टीममध्ये असलेली सर्जन महिन्यातून एकदा कुडाळात बसली, मुलांचं रक्त इथेच घेतलं, संशय असलेलं पिवळं बाळ त्याच रात्रीच्या गाडीने स्वतःच्या हॉस्पिटलला धाडलं, तर ते तुमच्या पूर्ण वेळच्या हॉस्पिटलपेक्षा जिल्ह्याच्या जास्त कामाचं आहे. त्यासाठी दोन खोल्या आणि एक फ्रीज पुरे. तोवर जागा भाड्याने द्या.

लग्नाबद्दल मी लांबण लावणार नाही. बायको रात्री दीडला फोनवर बोलत बाहेरच्या खोलीत गेली तर जो कूस बदलून झोपी जातो, असा माणूस बघायला तिच्या आईला सांगा. आणि तो तिने स्वतःच बघितला असेल तर घरात आरडाओरड करू नका.

राहता राहिला अबोला. तिला ‘किती शिकणार’ हे विचारणं आता बंद करा. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. ज्या मुलामुळे हे डोक्यात शिरलं, ते मूल आज कुठे आहे, त्याचं पुढे काय झालं, तिने चौकशी केली का? आणि फेलोशिपसाठी ती जी केंद्रं बघते आहे, तिथे वर्षाला मुलांची ट्रान्सप्लांट किती होतात, फेलोला स्वतःच्या हाताने काय करू देतात आणि पाच वर्षांपूर्वीची मुलं अजून तपासणीला येतात का? पहिल्याचं उत्तर तिच्याकडे नसेल तर ते मिळवायला आधी मुंबईची गाडी पकडायला सांगा, फॉर्म नंतर भरता येईल.